रेघा राहू द्या

विभावरीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, ही गोष्ट रामकृष्णरावांना इतक्या वर्षांत कितीदा आठवली असेल त्याची गणती नव्हती. जेवताना घास हातातच राहायचा आणि ती आठवायची. देवासमोर दिवा लावताना आठवायची. त्या दुपारी मात्र ती आठवली जबलपुरच्या गोरखपुर बाजारातल्या श्यामसुंदरच्या दुकानात. कंप्यूटरच्या पडद्यावर त्यांना अंजनीचे हात फाटलेले दिसले तेव्हा.

"रुको भैया, रुको जरा," म्हणत ते स्टुलावरून अर्धे उठले.

श्यामसुंदरने चित्र थांबवलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. फॅक्टरीच्या क्वार्टरचा व्हरांडा, भिंतीवरचं कॅलेंडर, पाटावर मांडलेली मातीची भुलाबाई, मुलींच्या हातांतल्या टिपऱ्या आणि मधोमध अंजनीचा हसरा चेहरा. फक्त तिचे हात नव्हते. हातांच्या जागी आडव्या रेघांची झालर लोंबत होती, कंगव्याचे दाते असावेत तशी.

"खराब हो गई," रामकृष्णराव पुटपुटले. "इतकी वर्षं ठेवली. मीच खराब केली." दुसरं वाक्य मराठीतच निघालं. मनातलं बोलायची वेळ आली की त्यांची हिंदी हातातून सुटायची.

"काय दादा, खराब काहे को होगी?" श्यामसुंदर हसला. लग्नाचे व्हिडिओ काढणं हा त्याचा धंदा आणि लोकांच्या जुन्या टेपा कंप्यूटरवर उतरवून देणं हा जोडधंदा. माणूस बोलघेवडा, पण कामाला चोख. "टेप एकदम बढ़िया है. आपने तो दुल्हन जैसी सँभाल के रखी है. ये लाइनें हर पुरानी टेप में आती हैं. एक क्लिक में साफ कर देता हूँ."

रामकृष्णराव पुन्हा स्टुलावर बसले.

पत्र आलं होतं भद्रावतीहून, निळं अंतर्देशीय. विभावरीचे यजमानही फॅक्टरीतलेच. त्यांची तिकडे बदली होईपर्यंत दोन्ही कुटुंबं शेजारी राहिली, मधली भिंत एकच. अंजनी ही विभावरीची धाकटी बहीण, आईवडलांमागे बहिणीकडेच वाढलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नव्हतं. म्हणजे तोंडाने नव्हतं. हातांनी ती दिवसभर बोलायची. ती भाषा कुठल्या शाळेतली नव्हती. दोघी बहिणींनी लहानपणापासून घरच्या घरी रचत आणलेली होती आणि ती पुरती कळायची एकट्या विभावरीला. बदलीनंतरच्या हिवाळ्यात अंजनी काविळीने गेली. मग काही दिवसांनी ते पत्र आलं.

"भाऊजी," विभावरीने लिहिलं होतं, "तिचे फोटो आहेत आमच्याजवळ. पण फोटोत तिचे हात थांबलेले आहेत. कोजागिरीला तुम्ही भुलाबाईची शूटिंग केली होती, तेवढ्यातच ती बोलते आहे. त्या टेपेची कॉपी जमेल तेव्हा पाठवा."

"जमेल तेव्हा" या दोन शब्दांनीच घात केला.

रामकृष्णराव गन कॅरेज फॅक्टरीत हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. स्वभाव इतका भिडस्त की ऑटोवाल्याला 'इथं थांब' म्हणेपर्यंत घर मागे पडायचं. त्यांनी व्हिडिओ कॅमेरा घेतला तेव्हा कचेरीत सगळ्यांना नवल वाटलं. कारण मात्र अगदी साधं होतं. कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की चारचौघांत जाता येतं आणि कुणाशी बोलावं लागत नाही. जबलपुरातल्या मराठी घरांची कितीतरी बारशी, मुंजी आणि हळदीकुंकू त्यांनी अशीच, तोंडातून शब्द न काढता, टेपेत भरून ठेवली होती.

पत्र आल्यावर त्यांनी कॉपी केलीही होती, दोन व्हीसीआर जोडून. तीत अंजनीची बोटं धुरकट आली. आता अशी कशी पाठवायची? जरा चांगली करून पाठवू, असं म्हणता म्हणता व्हीसीआर बिघडला, महिने लोटले. मग उत्तराच्या आधी माफी मागणं आलं, आणि माफी कोणत्या शब्दांत मागावी ते ठरेना. तशीच वर्षं गेली. टेप मात्र बायकोच्या, ज्योतीबाईंच्या, कपाटात, रेशमी साड्यांच्या घड्यांत, सुखरूप राहिली.

यंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला ज्योतीबाईंना कुणीतरी सांगितलं की विभावरी आता नागपुरात मुलाकडे असते, तब्येत ठीक आहे, गुडघ्यांमुळे बाहेर पडत नाही, टीव्ही बघत बसते. ज्योतीबाई पत्ता आणि फोन नंबर दोन्ही घेऊन आल्या. "लावा फोन," म्हणाल्या. रामकृष्णरावांनी फोन लावला नाही. पण दुसऱ्या दिवशी टेप पिशवीत घालून ते श्यामसुंदरकडे गेले.

"देखो, मक्खन!" श्यामसुंदर म्हणाला.

रेघा गेल्या होत्या. थांबवलेल्या चित्रात आता हात हातासारखा दिसत होता. जरा मऊ, दुधावर साय धरावी तसा. श्यामसुंदरने चित्र चालू केलं. रामकृष्णराव पुढे वाकले, मग आणखी पुढे वाकले, घसरलेला चष्मा वर सारला.

"लाइनें गईं कहाँ?"

श्यामसुंदरने जे समजावलं ते असं. जुना कॅमेरा एक चित्र एकदम काढत नसे. आधी एकाआड एक रेघा टिपायचा आणि निमिषभराने मधल्या उरलेल्या. जुना टीव्हीही त्याच चालीचा. आधी अर्धं दाखवायचा, मग अर्धं, आणि बघणाऱ्याचा डोळा ते जोडून घ्यायचा. कंप्यूटरला एवढा धीर नाही. तो दोन्ही अर्धी एकाच वेळी मांडतो. भिंत जागची हलत नाही, म्हणून भिंतीचं काही बिघडत नाही. हात मात्र तेवढ्या निमिषात पुढे सरकलेला असतो. तो दोन ठिकाणी दिसतो आणि त्याला दाते फुटतात. दाते घालवायचे म्हणजे ही दोन अर्धी एकमेकांत मिसळून टाकायची. याला तो डी-इंटरलेस करणं म्हणत होता.

"म्हणजे दोन क्षण होते, त्यांचा एकच केला," रामकृष्णराव स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. बाजारात उभं आयुष्य काढलेल्या श्यामसुंदरला तेवढी मराठी कळत होती.

"हाँ, अब ऐसा भी बोल सकते हो. पर दादा, दिखता किसको है?"

तोच तर प्रश्न होता. रामकृष्णरावांना वाटत होतं, आपल्याला दिसतंय. साफ केलेल्या चित्रात अंजनी सावकाश काही म्हणाली की हात सुरेख दिसत होता. पण घाईने काही बोलली की बोटांचा धूर होत होता, त्या जुन्या कॉपीत झाला होता तसा. पण मोतीबिंदू काढल्यानंतरचे हे डोळे. आणि हा माणूस रोज हेच काम करतो. आपण कोण शंका घेणारे?

"साफ किए बिना दे दूँ तो लोग लड़ने आते हैं," श्यामसुंदर सांगत होता. "बोलते हैं, टेप फाड़ दी हमारी. सबको मोबाइल में देखना है, लैपटॉप में देखना है. आपको किस पे देखना है?"

"टीवी पे. मला नाही... उनको देखना है."

"टीवी तो अक्सर खुद ही जोड़ लेता है, और दोनों हिस्से काम में लेता है. पर अक्सर बोला मैंने, गारंटी नहीं. ऐसा करो, दोनों ले जाओ. आज घर पे देख लो, भाभी जी को भी दिखा लो. जो बोलोगे वही पक्का कर दूँगा."

राइट टाउनमधल्या घरी ते पोचले तेव्हा ज्योतीबाई दिवाणावर बसून सांबाराची जुडी निवडत होत्या. कोथिंबिरीला त्या घरात अजून सांबारच म्हणत.

"इतका वेळ! मला वाटलं टेपेसंगं तुम्हालेही कंप्यूटरात उतरवलं त्यानं."

"तुला दोन व्हिडिओ दाखवतो. एक झाला की दुसरा. काय वाटते ते सांग."

"परीक्षा घेऊन राहिले का माझी?"

"तुझी नाही," रामकृष्णराव म्हणाले आणि त्यांनी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. कोणता साफ केलेला आणि कोणता तसाच, हे त्यांनी सांगितलं नाही.

आधी साफ केलेला लागला. ज्योतीबाईंचे हात सांबारात तसेच राहिले.

"अगं बाई, विभाचं क्वार्टर! अन् ते पहा, माझी मोरपंखी साडी. कोणाले दिली मी ती?"

भुलाबाईचा खेळ रंगात आला होता. गाणी संपली होती, आता खिरापत ओळखायची होती. ही त्यातली खरी गंमत. ज्या घरी खेळ असेल त्या घरची बाई प्रसाद डब्यात घालून आणते आणि डबा कानाशी वाजवते. आवाजावरून आत काय आहे ते बाकीच्यांनी सांगायचं. विभावरी डबा हलवत होती. शेंगदाणे, कुणी म्हणालं. चिवडा. फुटाणे. विभावरी मान हलवत होती. मग अंजनी पुढे आली. तिने डब्याच्या झाकणावर तळवा टेकवला, डोळे मिटले. विभावरीने पुन्हा डबा हलवला. अंजनीने डोळे उघडले आणि बहिणीकडे बघून बोटांनी काहीतरी लहानसं, फुगीर दाखवलं.

"मखाने!" विभावरी ओरडली. "बरोब्बर! इतक्या कानवाल्या बसल्या आहेत, अन् ओळखलं कोणी पहा!"

सगळ्या हसल्या. अंजनी मग कॅमेऱ्याकडे वळली आणि दोन्ही हातांनी भराभरा काही बोलू लागली. विभावरीने हसू लपवायला तोंडावर पदर घेतला.

"कशी गोड दिसून राहिली," ज्योतीबाई म्हणाल्या. "चांगला आहे. पाठवून द्या."

रामकृष्णरावांना हायसं वाटलं आणि थोडं वाईटही. म्हणजे दिसत नाहीच कुणाला. आपल्याच डोळ्यांचे खेळ. त्यांनी दुसरा लावला, न मिसळलेला, आणि टीव्हीवर आता रेघा येणार म्हणून अंग चोरून बसले.

रेघा आल्या नाहीत. टीव्हीने त्या जागच्या जागी शिवून घेतल्या होत्या. पुन्हा तोच डबा वाजला, तेच झाकण, तोच तळवा, तेच मखाने. अंजनी कॅमेऱ्याकडे वळली.

"थांबा, मागं घ्या," ज्योतीबाई म्हणाल्या.

"काहून?"

"घ्या तर मागं. हां, इथं. पहा! तुमचं नाव घेतलं तिनं!"

"माझं?"

ज्योतीबाईंनी जुडी बाजूला ठेवली. एका हाताची मूठ डोळ्याला लावून फिरवली आणि लगेच तर्जनी नाकाच्या वर नेऊन चटकन उचलली, पापणी लवावी इतक्या वेळात. "हे कॅमेरा, अन् हे तुमचा चष्मा. घटकाघटकेला वर करता नं तुम्ही? हेच तुमचं नाव होतं. अंजनीनं ठेवलेलं. आपल्या क्वार्टरच्या लाइनीतल्या सगळ्या बायांना ठाऊक होतं."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी कोणाले विचारलं?"

रामकृष्णरावांनी रिमोट उचलला. त्यांनी पहिला व्हिडिओ पुन्हा लावला, त्याच जागी. मूठ डोळ्याशी गेलेली दिसली. पुढचं बोट दिसलं नाही. गालासमोरून एक फिकट झुळूक गेली, इतकंच.

"इथं तं डोळा चोळल्यासारखी दिसते," ज्योतीबाई पुढे सरकून बघत म्हणाल्या. "तेच आहे का हे?"

"तेच आहे."

त्यांनी दुसरा पुन्हा लावला आणि शेवटपर्यंत चालू ठेवला. नाव घेऊन झाल्यावरही अंजनी थांबली नव्हती. तिचे हात कधी छातीशी, कधी हवेत, कधी एकमेकांवर, असे चाललेच होते. टेपेतल्या ज्योतीबाईंचा तरुण आवाज आला, "काय म्हणे गं?" आणि विभावरीचा पदराआडून, "मग सांगते!"

"सांगितलं का तिनं मग?" रामकृष्णरावांनी विचारलं.

"कुठचं! दूध आलं, चंद्राले दाखवलं, विसरलो सगळ्या. तुमचीच काही चेष्टा असंल. नाही तं विभा इतकी हसती का?"

रामकृष्णरावांचे कान तापले. या वयात, रिकाम्या घरात, बायकोसमोर. एकवीस-बावीस वर्षांच्या पोरीने कॅमेऱ्यात बघून आपल्याबद्दल काहीतरी म्हटलं होतं, आणि आपण एका डोळ्याने ते टिपत उभे होतो, शहाण्यासारखे. आता ते वाचू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं. एका शब्दाचं असं होत असेल, तर पुढच्या सगळ्या बोलण्याचं काय? यातली कोणती हालचाल शब्द आहे आणि कोणती नुसतीच हालचाल, हे श्यामसुंदरला कळणार नाही, ज्योतीला कळणार नाही, आपल्याला तर नाहीच. मग त्यातलं काही पुसायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

पण लगेच दुसरी पाल चुकचुकली.

"तिच्या टीव्हीनं नाही जोडल्या तर?" ते म्हणाले. "तिला रेघाच दिसल्या तर? तिला वाटेल, इतक्या वर्षांनी पाठवली, ती फाटकी पाठवली. त्यापेक्षा आधी तिच्याकडे कोणता टीव्ही आहे ते कळलं असतं, तर..."

"कळवून घ्या नं," ज्योतीबाईंनी पुन्हा जुडी मांडीवर घेतली. "मग तो टीव्ही पाहाले नागपुरात जा. मग कंपनीले पत्र लिहा. अन् पुढच्या कोजागिरीले पाठवा, नाही तं त्याच्या पुढच्या."

रामकृष्णराव ओशाळून हसले.

"दोन्ही पाठवा अन् मोकळे व्हा," ज्योतीबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "भांडणच मिटलं."

हा तोडगा त्यांनाही सुचला होता, अगदी श्यामसुंदरच्या दुकानातच. सोपा होता, पण आता तो त्यांना पटेना.

"नाही," ते म्हणाले. "दोन पाठवले तर कोणी कंप्यूटरवर लावून पाहील, अन् तिला साफ तोच दाखवील. अन् तो पाहून तिचं समाधान होईल. तुझं झालंच होतं. 'पाठवून द्या' म्हणालीस."

ज्योतीबाईंनी वर बघितलं. नवरा 'नाही' म्हणाला होता, आणि म्हणून झाल्यावर 'पण' म्हणाला नव्हता.

"हे मात्र बरोबर बोलले," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदर दुकानाला अगरबत्ती लावत होता, तेवढ्यात रामकृष्णराव पायरीवर येऊन उभे राहिले.

"रेघा राहू द्या," ते म्हणाले. मग लक्षात येऊन म्हणाले, "लाइनें रहने दो."

"पक्का? बाद में मत बोलना कि श्यामसुंदर ने टेप फाड़ दी."

"नहीं बोलूँगा. वो लाइनें नहीं हैं भैया. उसका बोलना है."

श्यामसुंदरला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. त्याने अगरबत्तीचा धूर पडद्याभोवती फिरवला आणि म्हणाला, "जैसा आप बोलो दादा. टेप आपकी, बोलना भी आपका." मग आपणहून एक बरी डबी शोधून काढली, आत कापूस घातला आणि पेन ड्राइव्ह तिच्यात ठेवून दिला.

पत्र लिहायला त्यांना या सगळ्याहून जास्त वेळ लागला. पहिल्या मसुद्यात माफीनेच पान भरलं. ज्योतीबाईंनी चष्मा लावून ते वाचलं.

"हे काय? ती बिचारी बहिणीले पाहाले बसंल, का तुमची माफी वाचत बसंल?"

त्यांनी दुसरा कागद घेतला. त्यावर जे उरलं ते एवढंच होतं:

"विभावरीवहिनींस सप्रेम नमस्कार. कोजागिरीची टेप पाठवतो आहे. टीव्हीवरच बघा. कंप्यूटरवर लावली तर अंजनीच्या हातांना आडव्या रेघा दिसतील. तो टेपेचा दोष नाही. तिच्या बोलण्यातलं काही गाळलेलं नाही, म्हणून त्या दिसतात. टीव्हीवरही दिसल्या तर फोन करा. मी उचलीन. मखाने ओळखल्यावर तिने माझं नाव घेतलं आहे, ते ज्योतीने मला कालच दाखवलं. त्यापुढे ती काय म्हणाली, ते इथे कुणाला वाचता येत नाही. कळवावंसं वाटलं तर कळवा. नाही कळवलं तरी चालेल. उत्तराला उशीर झाला. आपला, रामकृष्ण."

"'मी उचलीन' खरं लिहिलं का?" ज्योतीबाईंनी विचारलं.

"लिहिलं तर आहे."

सदर बाजारातल्या पोस्टात सकाळची गर्दी होती. फौजी वर्दीतला एक जवान घरी काहीतरी पाठवत होता, त्याच्यामागे दोन बाया राख्यांच्या वेळच्या हरवलेल्या पाकिटाबद्दल खिडकीशी हुज्जत घालत होत्या. रामकृष्णराव रांगेत उभे राहिले. दोघातिघांना त्यांनी 'आपको जल्दी होगी' म्हणून पुढे जाऊ दिलं. चौथा आला तेव्हा मात्र ते बाजूला झाले नाहीत.

"क्या है इसमें?" खिडकीतल्या बाईने पाकीट चाचपत विचारलं.

"चिट्ठी है," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "जवाब है."

तिने पाकीट तोललं, चिकटपट्टी चिकटवली, ठसा मारला आणि मान वरही न करता ते मागच्या पोत्यात टाकलं. पोत्यात ते दुसऱ्या पाकिटांवर पडलं, थोडं घसरलं आणि आत गेलं.

रामकृष्णराव पावती घेऊन तिथेच उभे राहिले.

"दादा, हो गया?" मागच्याने विचारलं.

"हो गया," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरण्याआधी त्यांनी घसरलेला चष्मा बोटाने चटकन वर सारला.